जो समोर नाही त्याच्याविषयी

माझ्या लग्नाचा पहिला पुकारा वाचला गेला, त्याच्या आधीच्या बुधवारी आईनं एक नेम धरला.

उपवासकाळ सुरू होत होता. ईस्टरच्या आधीचे ते आठवडे आमच्याकडं फार हळू चालतात. घरोघरी मटण बंद होतं, लग्नं लागत नाहीत, पेटीवरची गाणीसुद्धा संथ होतात. जळकोटहून थोडं आत आमचं गाव. गावाच्या कडेला आमच्या ख्रिस्ती मंडळीची मूठभर घरं आणि त्यांच्या मधोमध बसकं, चुन्यानं रंगवलेलं देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या बुधवारी संध्याकाळी पाळकसाहेबांनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावली आणि उपदेशात म्हणाले, "मटण सोडणं सोपं आहे. या वर्षी तोंडात जाणारं नको, तोंडातून बाहेर येणारं काहीतरी सोडून बघा."

बायकांच्या बाजूला हसू पिकलं आणि कितीतरी माना आईकडं वळल्या.

आई बोलकी होती. तिच्या मनात कुणाविषयी वाईट नसायचं, पण गावातली कुठलीच गोष्ट तिच्या तोंडून गेल्याशिवाय पुरी व्हायची नाही. कुणाच्या सुनेचं माहेरी जाणं लांबलं, कुणाच्या पोराला कुठं नोकरी लागली, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं आमच्या चुलीपुढं शिजायचं. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर गर्दीत ओरडून झाल्यामुळं की काय, घरात ते थोडंच बोलायचे आणि आईचं ऐकत ऐकत डुलकी काढायचे.

देवळातून घरी येताना आई गप्प होती. उंबऱ्यात चपला काढताना म्हणाली, "ठरलं. जो समोर न्हाय त्याच्याविषयी ईस्टरपतुर बोलायचं न्हाय. चांगलं न्हाय आन् वाईटबी न्हाय."

वडील हसले. "आगं, तुला उद्या सकाळपतुर जमायचं न्हाय."

"बघा तुम्ही," आई म्हणाली.

पहिले दिवस गमतीचे होते. भाकरी थापता थापता ती सुरू करायची, "ती खालच्या आळीची..." आणि तिथंच थांबायची. पिठाचा हात तोंडावर जायचा, ओठांना पांढरं पीठ लागायचं. मग ती तव्याकडं बघत बसायची. वडील पेपरामागून मला डोळा घालायचे. हळूहळू घर इतकं शांत झालं की, आपल्या घरात एवढे आवाज आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं. रांजणातलं पाणी थेंब थेंब गळायचं. पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजायची. दुपारी कडुलिंबाचा मोहोर अंगणात पडायचा, त्याचासुद्धा आवाज असावा असं वाटायचं.

आणि मग आई स्वतःविषयी बोलायला लागली. दुसरं काय करणार? समोर आम्ही दोघंच. माझं आणि वडिलांचं सगळं बोलून संपलेलं. तिचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचं. ती लहानपणच्या गोष्टी सांगायला लागली, पण नेम मोडायचा नाही म्हणून त्यातून बाकीची माणसं वगळून सांगायची. "मी बाजारात गेले. हिरव्या बांगड्या बघितल्या. हात लावला. मग परत आले." बाजारात दुसरं कुणीच नाही. बांगड्या विकणारी बाई नाही, बरोबर आलेली आजी नाही. "मी वढ्यात उतरले. पाणी घोट्याएवढं हुतं. मी गाणं म्हणलं." डोळे मिटून ऐकलं की मला रिकामी वाशी दिसायची, ऊन पडलेली. त्यात एक परकर घातलेली मुलगी एकटीच चाललेली. आईला नर्स व्हायचं होतं, हे मला त्या दिवसांत कळलं. सव्वीस वर्षं मी तिच्या पोटची पोर होते, आणि हे मला माहीत नव्हतं.

माझं लग्न सोलापूरच्या मुलाशी ठरलं होतं. तिथल्या एका दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. आमच्या रीतीप्रमाणं लग्नाआधी तीन रविवार देवळात घोषणा वाचतात. त्यालाच पुकारा म्हणतात. मुलाचं नाव, मुलीचं नाव, आणि कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. मग पाळकसाहेब क्षणभर थांबतात. पहिल्या दोन रविवारी त्या थांबण्यात फक्त कुणाचंतरी लेकरू रडलं. ईस्टरनंतरच्या आठवड्यात लग्न होतं. माझी पांढरी साडी आली होती. शेजारची चाची ब्लाउज शिवत होती. तिचा रमजान आणि आमचा उपवासकाळ त्या वर्षी बरोबरच आले होते. आईच्या नेमाविषयी ऐकून चाची मशीन थांबवून म्हणाली, "पेट का रोजा आसान है भाभी. जबान का लई भारी."

तिसऱ्या रविवारच्या आधी वडिलांना फोन आला. मुलाची मावशी बोलत होती. वडील नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि आईकडं न बघता म्हणाले, "तिसरा पुकारा सध्या वाचू नका म्हणतेत. पोरीला फीट येतात आन् आपण लपवलं, असं त्यांच्या कानावर आलंय."

मला फीट येत नव्हत्या. लहानपणी, मी दोन वर्षांची असताना, तापात एकदा आकडी आली होती, एवढंच मला ऐकून माहीत होतं. ते सोलापूरला कसं पोचलं, हे शोधायला वेळ लागला नाही. बायकांच्या प्रार्थनासभेचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात प्रार्थनेचे विषय टाकायचे. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा. त्यात एक बोललेला निरोप होता. आवाज ओळखीचा, कापरा. "आपल्या लेकरासाठी प्रार्थना करा गं. ल्हानपणी तिला फीट आल्ती. देवानं वाचिवलं. आता लग्न हाय, पुढं काय व्हऊ नये."

तो आक्काचा आवाज होता.

आक्का आमच्या नात्यातली नव्हती. आईपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, एकटी राहणारी. सगळी मंडळी तिला आक्काच म्हणायची. मला अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. तिचा तो निरोप कुणीतरी तुळजापूरला पाठवला, तिथून तो सोलापूरला गेला, आणि वाटेत 'आल्ती' चं 'येतात' झालं. प्रत्येकीनं बहुतेक डोळे मिटून, हात जोडूनच तो पुढं पाठवला असणार.

मी तेव्हा तुळजापूरच्या एका शाळेत शिकवायचे. सकाळी बसनं जायचे. नळदुर्गाच्या पुढं बसमध्ये कर्नाटकाकडून आलेले भाविक असायचे, कपाळभर कुंकू, मांडीवर परड्या, आणि सगळं बोलणं कानडीत. एरवी मी खिडकीकडं तोंड करून झोपायचे. त्या दिवसांत मी जागी राहून ते बोलणं ऐकायचे. एक अक्षर कळायचं नाही, आणि त्यामुळंच मला बरं वाटायचं. ती माणसं कुणाविषयीही बोलत असोत, माझ्याविषयी बोलत नव्हती. शाळेत मात्र मी खडू उचलला की स्वतःच्या बोटांकडं बघत राहायचे. ही बोटं थरथरतात का? कधी थरथरली होती का? चार लोक सतत एकच गोष्ट म्हणत राहिले की आपलंच अंग आपल्याला परकं वाटायला लागतं.

आई फुटेल, असं आम्हाला वाटलं होतं. ती फुटली नाही. राखेनं भांडी घासत राहिली, पितळेचा तांब्या तर इतका घासला की त्यात कडुलिंबाचं झाड दिसायला लागलं. वडिलांनाच शेवटी राहवलं नाही.

"बोल की गं. घरातच बोल. तिला चार शिव्या घाल. आम्ही काय सांगतो व्हय कुणाला?"

"ती हितं न्हाय," आई म्हणाली.

"तुझ्या नेमाला आता काय अर्थ हाय? लेकीचं लग्न मोडायलंय."

"म्हणूनच," आई म्हणाली. एवढंच.

असे दोन-एक आठवडे गेले. मग एका दुपारी ती अचानक उठली, तोंडावर पाणी मारलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"ती जिथं हाय तिथं."

ऊन पांढरं झालं होतं. करडई काढून झालेली रानं डोळे दिपतील अशी चमकत होती. आक्का दारात, चिंचेच्या झाडाच्या सावलीत, गोणपाटावर बसून चिंचा फोडत होती. एका हातात लहान हातोडी, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. आम्हाला बघून तिचा हात थांबला. सगळं कळलं होतं तिला. मंडळीत कुणाला कळलं नव्हतं?

"ये," ती म्हणाली. "चहा ठिवू का?"

"न्हाय आक्का. आधी बोलू द्या." आई गोणपाटाच्या कडेला बसली. मी झाडाला टेकून उभी राहिले. "तुमच्याविषयी बोलायचंय मला. म्हणून तुमच्याकडंच आले. दुसरीकडं बोलले न्हाय."

आक्कानं मान खाली घातली. "म्या प्रार्थनेला टाकलं ते. वाईट मनानं न्हाय टाकलं."

"ठावं हाय मला. पर देवाला सांगायचं हुतं तर देवाला सांगायचं. त्याला फोन कशाला लागतो, आक्का?"

आईचा आवाज चढला. "माझी पोर चार गावांत फिरली त्या फोनमधनं. बिनकपड्याची फिरवल्यागत. तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या निम्म्या बायांनी तिला बघितलंबी न्हाय. तुम्ही तिला विचारलं का, तुझं सांगू का म्हणून? मला विचारलं?"

"न्हाय इचारलं."

"का न्हाय?"

आक्कानं हातोडी खाली ठेवली. मग माझ्याकडं बघत, पण आईशी, ती हळूहळू बोलायला लागली, झोपेत बोलावं तशी.

"तू वाशीला गेल्ती. तुझा बाप आजारी हुता. नवरा डुटीवर. पोर माझ्यापाशी ठिवली हुती तू. दुपारची येळ. पोर कडंवर हुती, तापलेली. एकदम ताठली. डोळं पांढरं केलं. तोंडाला फेस. म्या पळाले. अनवाणी. हमरस्त्यापतुर पळाले, आन् रस्त्याच्या मधी हुबी राहिले. ट्रकवाल्यानं करकचून बिरेक दाबला. त्यानंच नळदुर्गाला नेलं. सगळ्या वाटंनं मला वाटत हुतं, ही गेली. मेलेलं लेकरू घिऊन चालले म्या." तिनं दोन्ही हात पुढं केले, चिंचेनं काळे झालेले. "आजबी झोपंत हितं जड लागतं. पुकारा ऐकला, आन् पुन्हा जड लागाया लागलं. कुणाला तरी सांगितल्याबिगर राहवंना."

आई वाशीहून परत आली तेव्हा मी बरी होऊन अंगणात खेळत होते. तिला फक्त 'थोडी आकडी आल्ती' असं सांगितलं गेलं होतं. अनवाणी पळणं, रस्त्यात उभं राहणं, ट्रक, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

"हे मला सांगायचं हुतं," आई शेवटी म्हणाली. रागानं नाही. "मला, आक्का. एवढी वर्षं."

"तुला सांगितलं असतं तर तू परत माझ्यापाशी पोर ठिवली नसती."

खरं होतं ते. नसतीच ठेवली. आई पुढं सरकली, चिंचेची एक शेंग उचलली, हातानंच टरफल सोललं. मग दुसरी. मीही खाली बसले. तिघी मिळून ऊन उतरेपर्यंत चिंचा फोडत राहिलो. बोटं चिकट झाली, दात आंबले. मला सारखं वाटत होतं की मी कडेवर आहे आणि कुणीतरी माझ्यासाठी पळतंय. मला आठवत नसलेलं ते ऊन मला पहिल्यांदाच अंगाला लागत होतं.

त्या शनिवारी तो आला. सोलापूरहून बसनं, कुणाला न सांगता. वडिलांनी त्याला पाणी दिलं, आईनं चहा ठेवला आणि दोघं आत बसून राहिले, भिंतीला कान लावून असणार. आम्ही अंगणात बाजेवर बसलो. तो मुळातच सावकाश बोलायचा, शब्दाशब्दाला थांबून.

"घरचे म्हणतात, आम्ही चौकशी करतो," तो म्हणाला. "चौकशी म्हणजे तुमच्याविषयी दुसऱ्यांना विचारणं. मला ते बरं वाटेना. म्हणून तुम्हालाच विचारायला आलो."

मी सांगितलं. आक्कानं सांगितलं होतं तसंच्या तसं, ट्रकसकट. मला स्वतःला काही आठवत नाही, हेही सांगितलं.

"त्यानंतर कधी?"

"कधीच नाही."

"लहान लेकरांना तापात होतं असं," तो म्हणाला. "आमच्याकडं दवाखान्यात रोज येतात." आणि जरा वेळानं, "तसं नसतं, आणि खरंच फीट येत असत्या, तरी मी विचारायला तुमच्याकडंच आलो असतो. एवढं सांगायचं होतं."

कडुलिंबाचा मोहोर त्याच्या शर्टावर पडत होता. तो झटकत नव्हता.

"माझ्याविषयी काही ऐकलंत का?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ," मी म्हणाले.

"मग विचारा की."

मी विचारलं, खरंच सगळं विचारलं. काही गोष्टींना तो लाजला, काहींना मोठ्यानं हसला, एका गोष्टीला 'हो, ते खरं आहे' म्हणाला आणि ती कशी झाली हे सांगितलं. आतून आईच्या बांगड्या वाजत होत्या. चहा कधीचा उकळून गेला असणार.

त्यानं घरी जाऊन सगळं सांगितलं, आणि तिसरा पुकारा झावळ्यांच्या रविवारी वाचला. ईस्टरच्या आधीचा तो रविवार. सगळ्यांच्या हातात शिंदीच्या झावळ्या होत्या आणि हात हलला की देऊळभर सळसळ व्हायची. मुलाच्या घरच्यांपैकी त्याचे वडील आले होते. पाळकसाहेबांनी आमची नावं वाचली. कुणाची हरकत असेल तर सांगा, म्हणाले आणि थांबले. सळसळ बंद झाली.

बायकांच्या बाजूला आक्का उभी राहिली.

पाळकसाहेबांचा हात तसाच वर राहिला. मुलाच्या वडिलांनी मान वळवली. आईनं माझं मनगट धरलं, पण ती हलली नाही.

"हरकत न्हाय," आक्का म्हणाली. तिचा आवाज ग्रुपमधल्या त्या निरोपासारखाच कापत होता. "हरकत न्हाय माझी. पर म्या बोलले तवा सगळ्यांनी ऐकलं, म्हणून आताबी सगळ्यांपुढंच बोलते. ल्हानपणी एकडाव तापात फीट आल्ती पोरीला. म्याच नेली हुती दवाखान्यात. त्याच्या आधी काय न्हाय, नंतर काय न्हाय. तिच्या आईबापानं काय लपिवलं न्हाय. म्या नीट बोलले न्हाय. ज्यांनी पुढं धाडलं त्यांनी हेबी पुढं धाडा."

आणि ती खाली बसली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली ती मनातल्या मनात, सगळ्यांना तसंच करायला सांगून. माझ्यासाठी झालेल्या सगळ्या प्रार्थनांमधली मला तीच लक्षात आहे, कारण तिच्यात शब्द नव्हते. बाहेर पडताना मुलाचे वडील आक्कापुढं थांबले आणि हात जोडून, आमच्या रीतीप्रमाणं, "सलाम" म्हणाले. ती "सलाम" म्हणाली.

ईस्टरला पहाटेची उपासना झाली, सूर्य वर आला, घरी मटण शिजलं. वडील जेवायला बसता बसता म्हणाले, "सुटलीस बाई. बोल आता."

आईनं एक घास खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि खरंच सुरू झाली. खालच्या आळीची ती, तिची सून, सुनेचा भाऊ, भावाची नोकरी. अडवून ठेवलेलं सगळं पाणी एकदम सुटावं तसं. वडिलांनी तृप्त होऊन डोळे मिटले. ती काही संत झाली नव्हती. आक्काविषयी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही, आणि माझ्या माहितीत पुढंही कधी नाही. प्रार्थनासभेतही एक बारीक फरक पडला. कुणी कुणाचं नाव घेतलं की एखादी तरी हळूच विचारते, "तिला ठावं हाय का?" कधी उत्तर येतं, कधी येत नाही. उत्तर आलं नाही, की नाव मनातच ठेवून सगळ्या डोळे मिटतात.

लग्न ठरल्या दिवशी झालं. आक्कानं मला जवळ घेतलं, पण तोंडानं आशीर्वाद दिला नाही. फक्त दोन्ही हात माझ्या पाठीवर ठेवले. सोलापूरला जाताना गाडीत गर्दी होती, नणंदा गात होत्या. नळदुर्गाचा बुरूज मागं गेला. दोन्ही बाजूंनी काढून झालेली रानं, मधेच एखादं बाभळीचं झाड, मधेच कडब्याची गंजी. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं वाकून विचारलं, "झोप आली का?"

"आली," मी म्हणाले. आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, त्या सगळ्या गलक्यात, झोपून गेले.